शब्दचर्चा : कंपनीचं अधिग्रहण, संपादन की ताबा? (लिहिणाऱ्यांच्या नावाऐवजी त्यांची वस्ती दिली आहे.)

त्रिमूर्तीनगर
ब्रिटनमधल्या बस कंपन्या एकामागोमाग परदेशी मालकांकडे गेल्या आणि तिथे त्यावरून काळजी व्यक्त होते, त्यावर लेख लिहायचा आहे. मथळा ‘सार्वजनिक बस कंपनीचे परकीय अधिग्रहण, चिंता वाढली’ असा केला आहे. टेकओव्हरला अधिग्रहणच म्हणायचं ना? आपल्याकडच्या हिंदी पेपरांत तर तेच असतं. आणि खासगीकरण, विलीनीकरण कुठे चालेल?

गणेशपेठ
हिंदी पेपरामुळेच घोळ झालाय. हिंदीत ‘भूमि अधिग्रहण’ म्हणतात, ते आपलं भूसंपादन. महाराष्ट्राच्या सरकारी मराठीत अधिग्रहण म्हणजे वापरापुरतं घेणं, मालकी मूळ मालकाचीच. टंचाईत खासगी विहीर अधिग्रहित होते, मालकाला मोबदला मिळतो, पाऊस पडला की विहीर मोकळी. निवडणुकीत जीपगाड्या आणि ट्रॅव्हल्स अधिग्रहित होतात, लोकप्रतिनिधित्व कायदा १९५१, कलम १६०. मतदान झालं की गाडी परत. कंपनी विकत घेणाऱ्याला ती परत करायची नसते. यवतमाळ-वाशीमकडचा वाचक तुमचा मथळा वाचून ‘किती दिवसांसाठी?’ असं विचारेल.

नियमाने संपादन बरोबर, पण ‘कंपनीचं संपादन’ म्हटलं की डोळ्यापुढे संपादक येतो. ‘समभागांचं संपादन’ मात्र चालतं. मथळ्यात ताबा घ्या.

धंतोली
ताबा ठीक, पण विभक्ती सांभाळा. ‘कंपनीला ताब्यात घेतले’ ही पोलिसांची भाषा झाली. ‘कंपनीचा ताबा घेतला’ किंवा ‘कंपनी ताब्यात घेतली’ असं लिहा.

आणि ताबा म्हणजे शंभर टक्के मालकी नव्हे. शेअर बाजारावर देखरेख ठेवणाऱ्या सेबीच्या २०११ च्या नियमांत नियंत्रणाची कसोटी म्हणजे बहुसंख्य संचालक नेमण्याचा हक्क, किंवा व्यवस्थापन आणि धोरण आपल्या हाती असणं. शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत मतदानाचा हक्क २५ टक्क्यांवर पोचला की बाकीच्या भागधारकांकडून आणखी किमान २६ टक्के घेण्यासाठी ओपन ऑफर, म्हणजे खरेदीचा खुला प्रस्ताव, द्यावी लागते. ब्रिटनमध्ये हाच उंबरठा ३० टक्क्यांचा. लेख तिथला आहे, तेव्हा सवयीने २५ लिहू नका. ‘हिस्सा घेतला’, ‘ताबा घेतला’ आणि ‘पूर्ण खरेदी केली’ या तीन वेगळ्या बातम्या आहेत.

अजनी चौक
मला ‘सार्वजनिक’ जास्त खटकतो. ‘सार्वजनिक बस कंपनी’ म्हटलं की आपला वाचक सरकारी समजतो, कारण त्याच्या डोक्यात एसटी असते. स्टेजकोच, गो-अहेड या खासगी कंपन्या होत्या, शेअर बाजारात नोंदलेल्या. तिथे सार्वजनिक आहे ती वाहतूक. ‘सार्वजनिक वाहतूक करणारी कंपनी’ लिहा, लांब झालं तरी चालेल. नाहीतर पुढचं सगळं प्रकरण खासगीकरणाचं वाटू लागतं.

ते तसं नाहीच. २०१० मध्ये अराइव्हा घेतली डॉइश बान या जर्मन सरकारच्या मालकीच्या रेल्वेने. म्हणजे ब्रिटिश खासगी कंपनी परक्या सरकारच्या मालकीत गेली. याला खासगीकरण कसं म्हणणार? २०२४ मध्ये तीच अराइव्हा आय स्क्वेअर्ड कॅपिटल या अमेरिकी गुंतवणूक कंपनीकडे गेली. स्टेजकोच २०२२ मध्ये डीडब्ल्यूएस या जर्मन गुंतवणूक कंपनीच्या इन्फ्रास्ट्रक्चर फंडाकडे, आणि गो-अहेड त्याच वर्षी ऑस्ट्रेलियाची कायनेटिक आणि स्पेनची ग्लोबलव्हिया यांच्याकडे. काळजीचं खरं कारण इथे आहे: मालक पुन्हा बदलू शकतो, आणि तोट्यातल्या फेऱ्यांचा निर्णय लांबच्या संचालक मंडळात होतो. यासाठी ‘मालकीबदल’ हा साधा शब्द पुरतो.

गणेशपेठ
विलीनीकरण तर अजिबात नको. २०२१-२२ च्या संपापासून महाराष्ट्रात या शब्दाला एकच अर्थ चिकटलाय, एसटीचं राज्य शासनात विलीनीकरण. बस कंपनीच्या बातमीत वापरलात की वाचक कर्मचाऱ्यांच्या पगाराचं पुढे काय ते शोधत बसेल.

धरमपेठ
लेखात ‘घशात घातली’ असं कुठे असेल तर तेही तपासा. घशात घालतो तो देणारा. सरकारने विकली असेल तरच ते बसतं. बाजारातून शेअर गोळा करून घेतली तर ‘गिळली’. ‘बळकावली’त बेकायदेशीरपणाचा आरोप आहे, वकील हसेल.

अजनी चौक
इथलं उदाहरण जोडणार असाल तर ‘नागपूर मेट्रो जर्मनांच्या ताब्यात’ हा प्रकार टाळा. ही मेट्रो चालवणाऱ्या महामेट्रो कंपनीत केंद्र आणि राज्याचा निम्मा-निम्मा वाटा आहे. जर्मनीची केएफडब्ल्यू आणि फ्रान्सची एएफडी या कर्ज देणाऱ्या संस्था, डबे चीनच्या सीआरआरसीचे. एक सावकार, दुसरा दुकानदार. दोघांच्याही हाती ताबा नाही.

मालकी आणि चालवणं यातला फरक दाखवायला शकुंतला रेल्वे घ्या, यवतमाळ-मूर्तिजापूर-अचलपूर. ती धावत होती तेव्हा रूळ किलिक-निक्सन या खासगी कंपनीच्या रेल्वे कंपनीचे होते, गाड्या भारतीय रेल्वेच्या, आणि करारानुसार मोबदला कंपनीला. शिवशाहीतही काही बस भाडेतत्त्वावरच्या होत्या, तिथे चालक बसमालकाचा आणि वाहक एसटीचा असे. त्याला ‘चालवायला देणं’ म्हणतात, ताबा नाही.

त्रिमूर्तीनगर
मग ‘ब्रिटनच्या बस कंपन्या परकीयांच्या ताब्यात, प्रवाशांना काळजी फेऱ्यांची’ कसं वाटतं?

धंतोली
‘परकीयांच्या’ऐवजी ‘परदेशी मालकांच्या’. ‘परकीय गुंतवणूक’, ‘परकीय चलन’ रुळलेलं आहे, पण ‘परकीयांच्या ताब्यात’ म्हटलं की लढाईची बातमी वाटते.