कालीचे बारा आमदार
कोलंबियात फार्क या डाव्या बंडखोर संघटनेने ओलीस ठेवलेल्या तिथल्या राजकारणी इंग्रिड बेटनकोर्ट फ्रान्सच्या दबावामुळे सुटल्या, असं म्हटलं जातं. फ्रान्सने आवाज उठवला हे खरं, त्या फ्रेंच नागरिकही होत्या. पण २ जुलै २००८ ला त्यांच्यासह १५ ओलिसांना सोडवलं ते कोलंबियाच्या सैन्याने, फार्कच्या बंडखोरांना चकवून, एकही गोळी न झाडता.

मला मात्र कोलंबियातल्याच काली शहरातले प्रांतिक आमदार विसरता येत नाहीत. एप्रिल २००२ मध्ये सैनिकांच्या वेशात आलेल्या फार्कने बॉम्बची भीती घालून १२ जणांना विधानसभेतून नेलं. जून २००७ मध्ये त्यातले ११ जण कैदेतच मारले गेले. त्यांच्यासाठी पॅरिसमध्ये कोण रस्त्यावर उतरणार होतं? एकटे सिगिफ्रेदो लोपेस वाचले, तेही शिक्षा म्हणून वेगळे ठेवले होते म्हणून.