डोरो नदीची क्रूझ: कोणी जाऊन आलंय का?

वानखेडे काका (बी-२०४): नमस्कार मंडळी. सप्टेंबरात आमच्या लग्नाला चाळीस वर्षं होऊन राहिली. पोरगी म्हणते, पोर्तुगालला जा, डोरो नदीवर आठवडाभर बोटीनं फिरा, रोज एक द्राक्षमळा बघा. आता मी थेंबही घेत नाही हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग तिथं जाऊन करायचं काय?

राऊत (सी-१०१): काका, तुमच्या वाट्याचा ग्लास मी सांभाळतो. तिकिटाचं तेवढं बघा 😄

वानखेडे काकू: यांचं ऐकू नका. मला जायचं आहे.

सचिव: उद्या सकाळी ९ ते ११ टाकी साफ होणार आहे. पाणी भरून ठेवावे.

मेधा (ए-५०३): काका, मी सासूबाईंना घेऊन जाऊन आले. त्याही घेत नाहीत. तुम्ही तर जन्मभर पाटबंधारे खात्यात होते, तुमच्याइतकी मजा त्या बोटीवर कोणालाच येणार नाही. वाइन बाजूला ठेवा, धरणं बघायला जा.

पोर्टोपासून स्पेनच्या हद्दीपर्यंत नदीचा साधारण २१० किलोमीटरचा पट्टा आहे. पूर्वी तो नुसता खडक आणि धारांचा होता. १९७० आणि ८० च्या दशकांत विजेसाठी पाच धरणं बांधली आणि नदीची जिन्यासारखी पाच तळी झाली. प्रत्येक धरणाला बोटीसाठी लॉक आहे, म्हणजे पाणी भरून-सोडून बोट वर-खाली नेणारा दारांचा हौद. त्यातल्या कारापातेलो धरणाच्या लॉकमध्ये बोट सुमारे ३५ मीटर वर चढते. दोन्ही बाजूंना ओल्या काँक्रीटच्या भिंती, वर आभाळाची पट्टी, आणि बोट हळूहळू वर येऊन राहिली. सासूबाईंनी रामरक्षा म्हणून टाकली.

राऊत (सी-१०१): बाप रे, एवढं पाणी चढवायला पंप केवढे लागत असतील?

वानखेडे काका (बी-२०४): पंप काहून लागेल राऊत? वरच्या जलाशयाचं पाणी आपल्या वजनानं खाली येतं. बोट आत घ्यायची, मागचं दार लावायचं, वरून पाणी सोडायचं. उतरताना तेच पाणी खाली सोडून द्यायचं. गोसीखुर्द धरणावर आम्ही बोटींचा विचारच केला नाही. ३५ मीटर म्हणजे आपली बिल्डिंग आत मावली असती. मेधा, पुढं सांग.

वानखेडे काकू: घ्या. आता वाइनचा प्रश्न मिटला.

ठाकरे (ए-१०२): मेधाताई, मळे कसे आहेत तिथले? आमच्या काटोलच्या संत्राबागेसारखं सपाट की डोंगर?

मेधा (ए-५०३): उभे डोंगर, ठाकरे भाऊ. पाटीसारख्या थरांचा खडक फोडून, दगडाच्या भिंती रचून पायऱ्या केल्या आहेत. वेलीची मुळं खडकाच्या भेगांतून खोल जातात, म्हणून कोरड्या उन्हाळ्यातही जगतात. काही पायऱ्यांवर मात्र वेल नाहीत, नुसतं झुडूप. १९ व्या शतकात फिलॉक्सेरा नावाच्या किडीनं मुळं खाल्ली, त्यातल्या कितीतरी पायऱ्या पुन्हा लावल्याच नाहीत. तो भाग बघून मला जास्त वाईट वाटलं. मळ्याला तिकडे किंता म्हणतात, त्यात घर, कोठार, चॅपल सगळं येतं.

तुमच्या कामाची गोष्ट सांगते. १७५६ मध्ये पोंबाल नावाच्या मंत्र्यानं पोर्ट वाइनच्या प्रदेशाची हद्द आखली आणि ग्रॅनाइटचे खांब रोवले. आजही प्रत्येक मळ्याला उंची, उतार, माती, ऊन बघून ए ते एफ अशी श्रेणी मिळते. त्यावरून दर वर्षी ठरतं की या मळ्यातल्या किती द्राक्षांची पोर्ट करायची परवानगी. उरलेली साध्या वाइनला जातात, तिथं भाव कमी.

ठाकरे (ए-१०२): म्हणजे माल चांगला आला तरी वरून मर्यादा. भाव पडू नये म्हणून असेल, पण लहान शेतकऱ्याचं पोट त्या अक्षरावर. आमच्याकडे तर मर्यादाही नाही आणि भावही नाही. संत्र्याला जीआय, म्हणजे आपल्या भागाच्या नावाचा शिक्का, मिळाला, व्यापारी बागेत येऊन भाव तोच सांगतो.

गजभिये मॅडम (सी-३०३): माझं माहेर वर्ध्याचं, जिल्ह्यात कितीतरी वर्षांपासून दारूबंदी. आईला काय सांगू, शेजारी दारूचे मळे बघायला चालले?

मेधा (ए-५०३): द्राक्षाचे मळे सांगा मॅडम 🙂 पण खरं सांगायचं तर पोर्ट साधी वाइन नाही. रस आंबत असताना मध्येच त्यात द्राक्षाची ७७ टक्के अल्कोहोलची स्पिरिट घालतात. आंबणं थांबतं, साखर तशीच राहते, म्हणून ती गोड लागते. पण १९-२० टक्क्यांची असते. राऊत, गोड म्हणून सरबतासारखी प्यायलात तर काकांनाच तुम्हाला खोलीत सोडावं लागेल.

पूर्वी ही पिंपं राबेलो नावाच्या सपाट बुडाच्या होड्यांतून खाली व्हिला नोव्हा दे गाइयाला यायची. समुद्राजवळचा गारवा, म्हणून मुरवायची कोठारं तिथं. १८६१ मध्ये व्हालेइराच्या धारेत अशीच एक होडी उलटली. फॉरेस्टर नावाचा इंग्रज व्यापारी, ज्यानं या नदीचा नकाशा काढला होता, तोच बुडाला. मोठ्या मळ्यांची मालकीण दोना अंतोनिया फेरेइरा वाचली. तिच्या घेरदार झग्यात हवा भरून ती तरंगली असं सांगतात. आता त्या जागी व्हालेइरा धरणाचं शांत पाणी आहे.

वानखेडे काका (बी-२०४): नकाशा काढणाराच बुडाला, अरेरे. उन्हाचं कसं?

मेधा (ए-५०३): जुलै-ऑगस्टमध्ये चाळिशी ओलांडते. तिथली म्हण आहे, नऊ महिने हिवाळा, तीन महिने नरक.

राऊत (सी-१०१): चाळीसला नरक? त्यांना मे महिन्यात सीताबर्डीला आणा.

मेधा (ए-५०३): सप्टेंबर उत्तम काका, तोडणीचा हंगाम. काही किंतांत अजूनही दगडी हौदात पायानं द्राक्षं तुडवतात. मात्र त्याच दिवसांत खोल्या लवकर भरतात.

एजंट सांगत नाही ते सांगते. बोट रात्री चालत नाही, काठाला उभी असते. पूल बुटके आहेत, तिथं वरचा डेक बंद करतात. मळे डोंगरावर, म्हणून बोटीतून उतरून बस, वळणावळणाचा घाट, आणि किंतात पुन्हा चढ. काकूंचे गुडघे लक्षात घ्या. बोटीला लिफ्ट आहे का आणि ती कोणत्या डेकपर्यंत जाते, हे आधी विचारा. पिन्याऊ स्टेशनावरच्या निळ्या टाइल्स बघा, मळ्यांतली सगळी कामं चितारली आहेत, तिथं चढ नाही. हिरव्या सूपमध्ये सॉसेजचा तुकडा असतो, तो टाकू नका म्हणून सांगायचं. आणि तिथले प्रसिद्ध कस्टर्डचे टार्ट अंड्याचे असतात.

गजभिये मॅडम (सी-३०३): माझी बहीण जर्मनीतल्या राईन नदीची क्रूझ म्हणते. तीही द्राक्षांचीच ना?

मेधा (ए-५०३): हो, बिंगेन ते कोब्लेन्झ. किल्ले आणि द्राक्षं दोन्ही, चढउतार कमी. पण २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात राईनचं पाणी इतकं उतरलं की बोटींचं वेळापत्रक कोसळलं, लोकांना बसनं नेलं. डोरोला धरणांमुळे तो धोका कमी, तिथं भीती हिवाळ्यातल्या पुराची.

वानखेडे काका (बी-२०४): हे पटलं. नियंत्रित नदी बरी. व्हिसा?

मेधा (ए-५०३): शेंगेन. प्रवासाच्या सहा महिने आधीपासून अर्ज करता येतो, शेवटच्या पंधरा दिवसांवर नेऊ नका. फी ९० युरो, ३०,००० युरोचा मेडिकल विमा हवाच.

ठाकरे (ए-१०२): काका, जाल तर त्या ए-बी-सी श्रेणीचा कागद मिळतो का बघा. आमच्या शेतकरी गटात दाखवतो.

वानखेडे काका (बी-२०४): आणतो. मेधा, संध्याकाळी घरी आहेस का? नकाशा दाखव, धरणांची नावं लिहून घेतो.

मेधा (ए-५०३): सातनंतर या. काकूंनाही आणा, खोली कोणत्या डेकवर घ्यायची ते त्याच ठरवतील.