मदत हवी आहे: नागपूरच्या उन्हाळ्यात कॅलॅथियासाठी खोलीतील आर्द्रता कशी टिकवावी?

एप्रिल लागल्यापासून माझ्या कॅलॅथियाच्या (घरात ठेवायचे, दमट हवा लागणारे शोभेचे झाड) पानांच्या कडा करपू लागल्या असून, नवे पान तर अर्धी सुरळी उलगडून तसेच चिकटून राहिले आहे. कुंडीवर थेट ऊन येत नाही, पाणी आरओचे घालत असल्याने बोअरच्या क्षारांचा हा परिणाम नसावा आणि पानांमागे भिंगातून पाहूनही कोळी (पानांतील रस शोषणारी बारीक कीड) आढळले नाहीत.

आर्द्रतामापक दुपारी २२ टक्के दाखवतो. फवारणी केल्यास आकडा चढतो आणि दहा मिनिटांत पुन्हा उतरतो. खडे व पाणी भरलेल्या ताटलीने तर २-३ टक्क्यांहून अधिक फरक पडला नाही. संध्याकाळी कूलर लावल्यावर मात्र आकडा ५५ पर्यंत जातो, परंतु सकाळी ९ ते ६ घर बंद असल्याने नेमक्या कोरड्या वेळी कूलर चालवता येत नाही. झाड दोन फुटी झाल्यामुळे काचेच्या पेटीत मावत नाही, आणि न्हाणीघरात उजेड नाही.

१० बाय ११ फुटांच्या बंद खोलीत ४ लिटरच्या अल्ट्रासॉनिक ह्युमिडिफायरने (कंपनांनी पाण्याचे धुके करून हवेत सोडणारे यंत्र) हे नऊ तास किमान ५० टक्के आर्द्रता टिकते का, आणि विदर्भात कोणी तो प्रत्यक्ष वापरला असल्यास भिंतींना ओल धरली का?