मिसळीच्या बोर्डावर कॅलरी लिहायची सक्ती करावी का?

पहाटेचा रंकाळा (धागा यांचा)
रविवारी पोरांच्या हट्टापायी कोल्हापुरात राजारामपुरीत एका साखळी पिझ्झावाल्याकडं गेलो. मेनूवर प्रत्येक नावापुढं किलोकॅलरीचा आकडा, खाली एक ओळ : सरासरी प्रौढाला दिवसाला २००० किलोकॅलरी लागतात. एफएसएसएआयचा, म्हणजे केंद्राच्या अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा, नियमच आहे तसा. १० किंवा जास्त ठिकाणी शाखा असतील, नाहीतर केंद्रीय परवाना असेल, तर १ जुलै २०२२ पासून हे छापावंच लागतं.
सोमवारी सकाळी नेहमीच्या मिसळीला. बोर्डावर फक्त दर, आणि 'उधारी बंद'.
मला दोन वर्षांपूर्वी शुगर निघाली. पिझ्झा वर्षातून दोनदा खातो, मिसळ आठवड्यातून तीनदा. मग आकडा मला कुठं पाहिजे? माझं म्हणणं, लहान-मोठं न बघता सगळ्या हॉटेलांना सक्ती करा.

कट जादा
भावा, मिसळ खायला जातोयस का ऑडिट करायला? उद्या पांढऱ्या रश्श्याच्या वाटीवर पण चिठ्ठी चिकटव. गंगावेशीत म्हैस पिळून फेसाळता ग्लास हातात देतात, तिथं काय म्हशीला फॅट विचारणार? तिखट लागलं की माणूस आपोआप थांबतंय, तीच आपली कॅलरी.

वहीत हिशोब
तिखट लागलं की तू ब्रेड वाढवून घेतोस, थांबत नाहीस. बघितलंय मी.

मिसळवाला
मी १८ वर्षं मिसळ विकतोय, म्हणून बोलतो. साखळीवाल्यांचा माल मापून येतो, बटाट्याच्या फोडीसकट. आमच्याकडं मसाला भाजणाऱ्या मावशी रजेवर गेल्या तर कटाचा रंगसुद्धा बदलतो. त्यात कट फुकट. एक गिऱ्हाईक एका वाटीत उठतं, दुसरं चार वेळा "मालक, कट" म्हणून हाक मारतं. आकडा कुणाचा लिहू? चुकीचा लिहिला तर इन्स्पेक्टर दारात. सक्ती आली की मोठे निभावतील, गाडीवाला मरेल.

पथ्य सांगणारी ताई
दादा, इन्स्पेक्टरची भीती खरी आहे, पण हिशोब एवढा अवघड नाही. एक ग्रॅम तेलाच्या ९ किलोकॅलरी, पिठाच्या-साखरेच्या ग्रॅमला ४. पोहे खाण्याचा मोठा चमचा भरून तेल घेतलं तर १२० च्या आसपास जातात. किती तेल ओतलं आणि किती प्लेटा गेल्या, एवढं लिहून ठेवा.
आणि धागेवाल्या दादांना : शुगर असेल तर नुसत्या कॅलरीवर जाऊ नका. कट तेलाचा, तो आकडा मोठा दाखवेल. पण शुगर चढवणार त्या ब्रेडच्या स्लाइस आणि वरचा फरसाण. मटकी त्यातल्या त्यात तुमच्या बाजूची. बोर्डावर एकच आकडा आला तर माणूस कट सोडून ब्रेड वाढवेल, आणि फसेल.

वहीत हिशोब
मीही सक्तीच्या विरोधात, पण कारण वेगळं. जानेवारी २०२५ मध्ये कोक्रेनने, म्हणजे आरोग्यावरचं संशोधन गोळा करून तपासणाऱ्या संस्थेनं, अशा आकड्यांवरचे २५ अभ्यास एकत्र तपासले. आकडे लिहिल्यानं माणसं सरासरी १.८ टक्के कमी कॅलरी निवडतात, ६०० च्या जेवणात ११. अकरा! दोन बदामाएवढ्या. तेवढ्यासाठी गाडीवाल्याच्या मानगुटीवर कागद का बसवायचा? अमेरिकेतसुद्धा हा नियम २० किंवा जास्त शाखांनाच आहे, कोपऱ्यावरच्या दुकानाला नाही.

पहाटेचा रंकाळा
सरासरी ११ असेल. त्या सरासरीत न बघणारी माणसंही आली. मी बघणारा आहे. ताईंचं ब्रेडचं मात्र पटलं, ते डोक्यातच नव्हतं. बरं, सक्ती राहू दे बाजूला. मालक, एक दिवस तेल मोजून सांगाल का? अंदाजानं नको.

मिसळवाला
उद्या सांगतो.

मिसळवाला (दुसऱ्या दिवशी, दुपारी)
मोजलं. सकाळच्या पातेल्याला ४ किलो तेल. १२० प्लेटा गेल्या, जादा कट धरून पातेलं रिकामं. म्हणजे प्लेटीला ३३ ग्रॅम, नुसत्या तेलाच्या ३०० किलोकॅलरी. खरं सांगतो, मला वीसेक ग्रॅम वाटलं होतं. बायकोला सांगितलं तर म्हणाली, तेलाचं बिल मी भरते, मला विचारायचं होतं.
पण हा आकडा लिहिला तरी खोटाच. तर्री वर तरंगते. सातला येणाऱ्याच्या वाटीत तेलच तेल, अकराला येणाऱ्याला तळाचा कट.

कट जादा
म्हणजे मी पहिल्या बाकावर बसतो, ती ताकदीची मिसळ! नाद खुळा.

पहाटेचा रंकाळा
मालक, उद्यापासून मी साडेदहाला येतो. ब्रेड एकच.

मिसळवाला
या. पण साडेदहाला मटकी संपलेली असते.