काट्याचा ड्रायव्हर एकदा -१२१ देतो, मग दिवसभर -२२

हळदगोणी (सांगली):
मार्केट यार्डात वडिलांचं हळदीचं अडत दुकान आहे. काट्याचं वजन रास्पबेरी पाय या छोट्या कॉम्प्युटरवर घेतो. मधे काट्याचा सिग्नल आकड्यात बदलणारी एनएयू७८०२ चिप, आय-टू-सी या दोन तारांच्या जोडणीवर. कर्नलमध्ये (लिनक्सचा गाभा) चालणारा तिचा ड्रायव्हर मीच लिहिलाय, हौसच म्हणा. दोन पोत्यांच्या मधे चिप झोपावी म्हणून रनटाइम पीएम (काम नसताना वीज वाचवणारी कर्नलची सोय) घातलं, आणि तिथूनच साडेसाती लागली.

सकाळी ठीक चालतं. मग एखाद्या पोत्याला -१२१ हा एरर येतो आणि त्यानंतर प्रत्येक पोत्याला -२२. मोड्यूल काढून परत घातला की सुरळीत. -२२ म्हणजे चुकीचं आर्ग्युमेंट ना? दोन रात्री माझी आर्ग्युमेंटं तपासतोय. वजन वाचणाऱ्या रीडमध्ये आधी चिपला जागं करायला पीएम_रनटाइम_गेट_सिंक आहे, निगेटिव्ह आलं तर तिथूनच रिटर्न.

काल तर स्क्रीनवर आधीच्याच पोत्याचं वजन राहिलं. दिवाणजींनी पकडलं म्हणून बरं, शेतकरी समोरच उभा होता.

कोयनाकाठ (सातारा):
आर्ग्युमेंटं सोडा, ती बरोबर असतील. तुमचा रनटाइम_रिझ्यूम (चिपला जागं करणारं फंक्शन) एकदा -१२१ देऊन पडला की कर्नल ती चूक डिव्हाइसच्या नावावर लिहून ठेवतो आणि पुढच्या प्रत्येक हाकेला रिझ्यूम न चालवताच -२२ परत करतो. सिसएफएसमध्ये (कर्नल माहिती दाखवतो त्या फाइलींत) पॉवरखाली रनटाइम_स्टेटस बघा, 'एरर' दिसेल. पीएम_रनटाइम_सेट_सस्पेंडेड म्हटलं की ती नोंद पुसली जाते.

दुसरी गोम जुनी आहे, मीही तिच्यात पडलोय. गेट_सिंक फसला तरी युसेजचा आकडा (चिप सध्या किती जण वापरतायत) वाढवतोच. तुम्ही लगेच रिटर्न करता, म्हणजे उधारी लिहिली पण जमा कधीच नाही. नोंद पुसली तरी चिप परत झोपणार नाही. कर्नल ५.१० पासून पीएम_रनटाइम_रिझ्यूम_अँड_गेट आहे, तो फसला तर आकडा स्वतःच उतरवतो. जुन्या कर्नलवर पुट_नोआयडल हातानं द्या.

रिझ्यूममध्ये चिपचा पीयूआर बिट (वीज आली, तयार आहे ही खूण) येईपर्यंत थांबा, दोन-तीनदा प्रयत्न करा. तरी नाहीच जमलं तर चिपला वीज देणारा रेग्युलेटर बंद करून मगच बाहेर पडा. सस्पेंडमध्ये सप्लाय तोडत असाल तर गेनचं (सिग्नल किती पट वाढवायचा) रजिस्टरही परत लिहावं लागेल, नाहीतर एरर न येताच वजन चुकेल. ते जास्त वाईट.

आणि एरर आला की स्क्रीन कोरी करा. जुना आकडा ठेवणं हा ड्रायव्हरचा नाही, तुमच्या ॲपचा गुन्हा.

सोल्डरवाला (कुपवाड):
भावा, पण मुळात -१२१ का येतोय? चिपनं हाकेला ओ दिली नाही एवढाच त्याचा अर्थ. पावतीचा प्रिंटर त्याच पायच्या यूएसबीवर आहे काय? डीमेसेगमध्ये (कर्नलच्या नोंदींत) 'अंडर-व्होल्टेज' शोध. ४.६३ व्होल्टच्या आसपास खाली गेलं की पाय ओरडतो.

हळदगोणी:
व्हय, प्रिंटर त्याच्यावरच! पावती छापत असताना पुढचं पोतं ठेवलं की अंडर-व्होल्टेज आणि लगेच -१२१, वेळा जुळल्या.

रनटाइम_युसेज बघितला तर ३७. शून्य पाहिजे होता. कोयनाकाठ सर, उधारी बरोबर पकडलीत. प्रिंटरला वेगळा ॲडाप्टर दिला, रिझ्यूम_अँड_गेट घातला. मग मुद्दाम चिपची एसडीए (डेटाची) वायर काढून बघितली: तीनदा प्रयत्न, -१२१, स्क्रीन कोरी. पण वायर परत लावली तरी -२२च.

कोयनाकाठ:
सेट_सस्पेंडेड राहिला असेल. रिझ्यूम_अँड_गेट फसल्यावर, रिटर्नच्या आधी.

हळदगोणी:
तोच राहिला होता. आता वायर लावली की पुढचंच पोतं वजन दाखवतंय.