राज्यव्यापी प्रस्तावांवर गावच्या व्यापारी संघटनेने भूमिका घ्यावी का? (कॅलिफोर्निया)

अन्नपूर्णा_साउथबे यांचा प्रश्न

नमस्कार मंडळी. सांता क्लारा काउंटीतल्या एका शहरात माझे केटरिंगचे किचन आहे. कामाला दहा-बारा माणसे आहेत आणि जागा भाड्याची आहे. गावच्या चेंबर ऑफ कॉमर्सची मी काही वर्षांपासून सभासद असून यंदा मला त्यांच्या सार्वजनिक धोरण समितीवर घेतले आहे. नोव्हेंबरच्या मतपत्रिकेवर जे राज्यव्यापी प्रस्ताव येतात (म्हणजे ज्या कायद्यांवर मतदार स्वतः थेट मत देतात), त्यांपैकी कोणत्याला पाठिंबा द्यायचा, कोणत्याला विरोध करायचा आणि कुठे तटस्थ राहायचे, याची शिफारस ही समिती कार्यकारिणीला करते. पहिल्याच बैठकीत लक्षात आले की राज्यपातळीवरच्या व्यापारी संघटनेची यादी पुढे ठेवायची, तासाभरात ती जशीच्या तशी मंजूर करायची आणि मग "आपल्या शहरातील व्यापाऱ्यांची भूमिका" म्हणून ती जाहीर करायची, असा तिथला शिरस्ता आहे.

आमच्या सभासदांत इमारतींचे मालक आहेत, त्यांचे भाडेकरू आहेत, बँका आहेत आणि नवरा-बायको मिळून चालवतात अशी दुकानेही आहेत. या सर्वांचे हित प्रत्येक प्रस्तावात एकच असेल, हे मला पटत नाही. तेव्हा दोन गोष्टी विचारायच्या आहेत. अशी भूमिका घेणे कायद्याच्या दृष्टीने कितपत निर्धोक असते? आणि स्थानिक संघटनेने राज्याच्या प्रश्नांत पडावेच का? जाता जाता, आमच्या मराठी मंडळातही एकाने "आपणही शिफारशी काढू" असे सुचवले आहे. त्याबद्दलही कोणी सांगितल्यास बरे होईल.

जमाखर्च

लहान व्यवसायांचे कर-विवरण भरणे हा माझा पेशा असल्याने कायद्याच्या बाजूपुरते लिहितो. चेंबर बहुधा ५०१(सी)(६) या, म्हणजे केंद्रीय करकायद्यातल्या व्यापारी संघटनांच्या, वर्गातली संस्था असते आणि तिला प्रस्तावांवर भूमिका घेण्यास, त्यासाठी खर्च करण्यासही मुभा आहे. मात्र त्या खर्चाच्या प्रमाणात सभासदांची वर्गणी व्यवसायाचा खर्च म्हणून वजा करता येत नाही. तो हिस्सा किती आहे हे संस्थेने सभासदांना कळवायचे असते, नाहीतर त्यावर स्वतः २१ टक्के कर भरायचा असतो. आपल्या वर्गणीच्या पावतीवर तळाशी बारीक अक्षरांत तशी ओळ आहे का, ते पाहा. बरेच जण संपूर्ण वर्गणी बिनदिक्कत वजा करतात आणि त्यांचे हिशेबनीसही विचारत नाहीत.

दुसरा मुद्दा अधिक नाजूक आहे. पुष्कळ चेंबरना शहराकडून जत्रा, पर्यटन किंवा बाजारपेठेच्या प्रचारासाठी पैसे मिळतात. स्थानिक शासनसंस्थेकडून आलेला पैसा कोणत्याही प्रस्तावाच्या बाजूने वा विरोधात वापरण्यास नफा न कमावणाऱ्या संस्थांना राज्याच्या कायद्याने मनाई आहे. नुसत्या ठरावापुरते सहसा काही अडत नाही. पण जाहिरातीसाठी किंवा पत्रके छापण्यासाठी पैसे निघाले, तर ते कोणत्या खात्यातून निघाले हे दाखवता आले पाहिजे. आणि प्रचार समित्यांना वर्षभरात १०,००० डॉलर किंवा त्याहून अधिक रक्कम देणारी संस्था स्वतःच "मोठी देणगीदार समिती" ठरून तिला राज्याकडे विवरणे भरावी लागतात.

मराठी मंडळाचे गणित निराळे आहे. मंडळे बहुतेक ५०१(सी)(३), म्हणजे धर्मादाय संस्थांच्या वर्गातली, असतात. उमेदवाराला पाठिंबा देणे त्यांना सर्वस्वी निषिद्ध आहे. प्रस्तावांवरचे काम लॉबिंगमध्ये (कायद्यांवर प्रभाव टाकण्याच्या कामात) मोडते आणि ते मर्यादेत करता येते. करता येते म्हणून गणेशोत्सवाच्या वर्गणीतून करावे, असे मात्र मी कोणत्याही मंडळाला सांगणार नाही.

जुना_सभासद

मी दुसऱ्या एका शहराच्या चेंबरमध्ये अशाच समितीवर होतो, म्हणून दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर देतो. राज्याच्या प्रश्नांत पडावे, परंतु तो प्रस्ताव आपल्या शहराच्या हद्दीत आल्यावर नेमके काय करतो हे तपासल्याखेरीज पडू नये. उदाहरण २०२४ च्या प्रॉप ३२ चे ("प्रॉप" म्हणजे प्रस्ताव) घ्या. राज्याचे किमान वेतन ताशी १८ डॉलरवर नेण्याचा तो प्रस्ताव होता आणि जेमतेम दीड टक्क्याच्या फरकाने तो पडला. राज्यपातळीवरच्या व्यापारी संघटनांनी त्याला विरोध केला, आणि सेंट्रल व्हॅली या राज्याच्या अंतर्भागातल्या शेतीप्रधान पट्ट्यातील एखाद्या गावाच्या दृष्टीने त्या विरोधाला अर्थही होता. पण त्याच वर्षी आपल्याच काउंटीतल्या सनीव्हेल शहराचे स्वतःचे किमान वेतन १८.५५ डॉलर आणि माउंटन व्ह्यूचे १८.७५ डॉलर होते. म्हणजे तिथल्या दुकानदाराला प्रॉप ३२ मुळे एक पैसाही जास्त द्यावा लागणार नव्हता; उलट, कमी वेतनाच्या शेजारच्या शहरातून जो केटरर त्याच्याशी दरात स्पर्धा करतो, त्याचा खर्च थोडा वाढला असता. अशा शहरातल्या संघटनेने "वेतनवाढ आमच्या व्यापाऱ्यांना परवडणारी नाही" असे लिहिणे म्हणजे दुसऱ्याचा अर्ज आपल्या सहीने भरणे होय. तत्त्व म्हणून विरोध करायचा तर खुशाल करावा, पण मग कारणही तेच लिहावे.

मालक आणि भाडेकरू यांचा प्रश्न आपण विचारलात, तो २०२० च्या प्रॉप १५ मध्ये उघडच समोर आला होता. १९७८ च्या प्रॉप १३ ने मालमत्ता कर मूल्याच्या १ टक्क्यावर आणला आणि ते मूल्य वर्षाला २ टक्क्यांपेक्षा जास्त वाढवू नये अशी मर्यादा घातली. जागा विकली गेली की मात्र मूल्य बाजारभावाने ठरते. प्रॉप १५ मध्ये व्यापारी जागांपुरती ही सवलत काढायची होती. एकूण ३० लाख डॉलरपर्यंतच्या व्यापारी मालमत्तेच्या मालकांना त्यातून वगळले होते. सिलिकॉन व्हॅलीत साध्या चार गाळ्यांच्या इमारतीलाही ही मर्यादा अपुरी पडते. प्रस्ताव ५२ विरुद्ध ४८ टक्क्यांनी पडला.

आता आपला भाडेकरार काढून पाहा. तो "ट्रिपल नेट" असेल, तर मालमत्ता कर, विमा आणि देखभाल हे तिन्ही खर्च आपल्या माथी आहेत, आणि वर्षअखेरीस जागामालकाकडून जे "कॅम"चे (सामाईक जागेच्या देखभाल-खर्चाचे) विवरण येते, त्यात कराची स्वतंत्र ओळ असते. त्यामुळे प्रॉप १५ मंजूर झाला असता तर भार भाडेकरूवर आला असता, हा विरोधकांचा मुद्दा खोटा नव्हता. पण त्याचीच दुसरी बाजूही आहे: ज्याच्या जागामालकाने इमारत अलीकडे विकत घेतली आहे, तो भाडेकरू आजही बाजारभावाने कर सोसतो, आणि रस्त्यापलीकडचा त्याचा स्पर्धक, ज्याच्या मालकाच्या वडिलांनी सत्तरच्या दशकात जागा घेतली, तो नाममात्र कर सोसतो. एकाच चेंबरच्या या दोन भाडेकरूंचे हित परस्परविरुद्ध होते. आमच्या समितीत त्या वेळी चर्चा झाली ती इमारतींच्या मालकांची, कारण बैठकीला येण्याइतका वेळ त्यांच्याचकडे होता. सकाळी साडेसातला बैठक ठेवली की बेकरीवाला येणार कसा?

माझी सूचना अशी की भूमिका घ्यायला साधे बहुमत पुरेसे मानू नये. दोन-तृतीयांश मते पडली नाहीत तर संघटना तटस्थ राहील, असा नियम करून घ्यावा. ज्या सभासदाचा किंवा त्याच्या कंपनीचा पैसा प्रचारात लागला आहे, त्याने तसे आधी सांगावे. आणि विधिमंडळाच्या वित्त-विश्लेषक कार्यालयाचे निःपक्ष विश्लेषण, जे मतदार-पुस्तिकेत प्रत्येकाच्या घरी येते, ते वाचून झाल्यावरच संघटनांची पत्रके उघडावीत.

फ्रीमाँटचा_उपाहारगृहवाला

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्णपणे सहमत नाही. तपासून पाहावे हे बरोबर, पण लहान व्यावसायिकाला इतका वेळ असता तर त्याने वर्गणी भरून संघटना पोसली कशाला असती? राज्यात वजन पडते ते संख्येचे. २००४ च्या "पागा" कायद्याचे उदाहरण पाहा. कामगाराला राज्याच्या वतीने मालकावर दावा लावता येतो असा हा कायदा, आणि पगाराच्या चिठ्ठीतल्या किरकोळ चुकीपायी लहान उपाहारगृहे त्यात भरडली गेली. व्यापारी संघटनांनी तो बदलण्याचा प्रस्ताव सह्या गोळा करून २०२४ च्या मतपत्रिकेपर्यंत नेला. ती टांगती तलवार होती म्हणूनच जूनमध्ये गव्हर्नर, कामगार संघटना आणि व्यापारी यांच्यात तडजोड झाली. १ जुलैला सुधारित कायद्यावर सही झाली आणि प्रस्ताव मागे घेतला गेला. दंडातला कामगारांचा वाटा २५ वरून ३५ टक्के झाला आणि चुका वेळीच सुधारणाऱ्या मालकाला दंडात सवलत मिळाली. गावोगावच्या चेंबरांनी "हा आमचा विषय नाही" म्हटले असते, तर तडजोडीला कोणी बसलेच नसते.

त्याचप्रमाणे प्रॉप ३६. चोरीच्या शिक्षा कडक करणाऱ्या या प्रस्तावाला वॉलमार्ट, टार्गेट, होम डेपो यांनी पैसा पुरवला हे खरे. गव्हर्नरांचा विरोध होता हेही खरे. तरी तो सुमारे ६८ टक्के मतांनी मंजूर झाला, कारण काच फुटलेला दुकानदार गावोगाव होता. मोठ्यांचा पैसा आहे म्हणून प्रस्ताव आपल्या कामाचा नाही, असे होत नाही.

जुना_सभासद

"पागा"चे उदाहरण मान्य आहे, किंबहुना ते माझ्याच बाजूचे आहे: तो विषय प्रत्येक पगार देणाऱ्या सभासदाला भिडत होता, म्हणून तिथे एकमत खरे होते. संख्येच्या वजनाबद्दल मात्र सावध असावे. १९११ मध्ये गव्हर्नर हायरम जॉन्सन यांनी ही थेट मतदानाची पद्धत आणली, ती सदर्न पॅसिफिक रेल्वेची राज्यकारभारावरची पकड मोडण्यासाठी; आणि २०२० मध्ये चालकांना नोकर न मानता स्वतंत्र कंत्राटदार मानावे अशा प्रॉप २२ साठी उबर, लिफ्ट, डोअरडॅश आदी कंपन्यांनी मिळून २० कोटी डॉलरहून अधिक खर्च केले. अशा मोहिमांना प्रचारपत्रकावर छापायला गावच्या चेंबरांची नावे हवी असतात. त्या नावामागे सभासदांचा विचार आहे की नुसता शिक्का, हे पत्रक वाचणाऱ्याला कळत नाही.

पुण्याचा_वाचक

इथून वाचणाऱ्याला गंमत वाटते. महाराष्ट्रात राज्याच्या कायद्यावर नागरिकांचे थेट मतदान नाही, त्यामुळे आमच्याकडील संघटनांचे हत्यार म्हणजे निवेदन, शिष्टमंडळ आणि शेवटी बंद. स्थानिक संस्था कराच्या वेळी, २०१३ मध्ये, व्यापाऱ्यांनी दुकाने बंद ठेवली; १ ऑगस्ट २०१५ पासून ५० कोटींपेक्षा कमी उलाढाल असणाऱ्यांचा तो कर गेला. बंदमध्ये न पटणारा दुकानदारही शटर खाली ओढतो, कारण शेजाऱ्याशी वैर घेणे परवडत नाही. निदान तुमच्याकडे त्याला गुप्त मतदान करता येते.

अन्नपूर्णा_साउथबे

सर्वांचे आभार. भाडेकरार काढून पाहिला. ट्रिपल नेटच आहे आणि कराची ओळही आहे. दोन-तृतीयांशाचा नियम पुढच्या बैठकीत मांडते. बैठक दुपारी तीनला ठेवावी, अशीही मागणी करते. ती वेळ किचनवाल्यांना आणि दुकानदारांना दोघांनाही सोयीची आहे. एक शंका उरते: ठराव पडला आणि संघटना तटस्थ राहिली, तर तसे जाहीर करावे की गप्प बसावे?

जुना_सभासद

जाहीर करावे, आणि बाजूने किती व विरोधात किती मते पडली तेही लिहावे. फक्त हे सप्टेंबरअखेरपर्यंत उरकावे. मतदानाच्या सुमारे महिनाभर आधी मतपत्रिका प्रत्येक मतदाराच्या घरी टपालाने येतात आणि बरेच जण त्याच आठवड्यात भरून परत पाठवतात. ऑक्टोबरच्या मध्यावर काढलेले पत्रक त्यांना उपयोगाचे नसते.