४५० वॉटचा सप्लाय, कार्डालेही ४५० च पाहिजे, मंग पीसी बंद काउन पडते?

मी: राम राम मंडळी. भाऊजी, दादा, कोणी मोकळं असन तं जरा पाहा. स्टुडिओच्या पीसीत परवा ग्राफिक कार्ड टाकलं, जीटीएक्स १६६० सुपर, सेकंडहँड, नागपूरवरून आणलं सीताबर्डीतून. एडिटिंग मस्त होऊन रायलं, टाइमलाइन कुठी अडकत नाई, पण एक्स्पोर्ट लावला का तीन-चार मिनिटात पीसी खटकन बंद. निळी स्क्रीन नाई, एरर नाई, जसी कोणी पिन उपटली बोर्डातून. मंग आपोआप चालू होते परत. तुळशीच्या लग्नानंतरचे पाच लगन घेतले हायेत अन् पहिल्याचा पेनड्राइव्ह रविवारी द्याचा हाय. कार्डच खराब निंगालं का काय थे समजत नाई. दुकानदार म्हणते सात दिवसात वापस आणा, नाई तं नाई.

काकाजी: डीपीवर लोड हाय बापा. मृगाच्या बहाराच्या संत्रा बगीच्यायले पाणी चालू हाय, सगळ्यायचे बोअर एकाच वक्ती सुरू होतात. माया घरचा पंखा बी संध्याकाळी मरमर फिरते.

मी: काकाजी मले बी पहिले थेच वाटलं. पण काल रात्री बाराले बोर्डात मीटर लावून पाह्यलं, २२८ दाखवत होतं, तवाबी बंद पडला.

दादा पुणे: पीसीतला पॉवर सप्लाय, म्हणजे आतला वीज देणारा डबा, किती वॉटचा आहे रे?

मी: ४५०. कार्डाच्या कंपनीनं बी ४५० चाच सांगतला हाय, थे पाहूनच तं घेतलं मी.

दादा पुणे: मग पॉवर पुरायला पाहिजे. ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, पूर्ण काढून परत टाक, पीसीतल्या जुन्या ऑनबोर्ड ग्राफिकच्या ड्रायव्हरशी भांडत असेल. आणि टेम्परेचर बघ.

भाऊजी अमरावती: थांब जरा. ड्रायव्हर बिघडला का स्क्रीन काळी होते, प्रोग्राम बंद पडते, पण पंखे फिरत रायतात. इथं तं पूर्ण पीसीचीच लाईन जाऊन रायली. गरमीनं बी बंद पडू शकते म्हणा, पण मंग पहिले आकडा चढताना दिसते. भाऊ, तू एक काम कर, साइडचं झाकण काढ अन् सप्लायच्या स्टिकरचा फोटो टाक. वॉटचा मोठा आकडा नको, खाली बारीक अक्षरात तक्ता असते थो पाहिजे. अन् कार्डाले वायर कुठून देल्ली त्याचा बी फोटो टाक.

मी: स्टिकर घासलं हाय भाऊजी, फोटोत येत नाई, वाचून लिवतो. +३.३ ले १८ अँपिअर. +५ ले २० अँपिअर. +१२ ले १५ अँपिअर. अन् कार्डाले आठ पिनचा वायर पाहिजे होता, थो आपल्या सप्लायले होताच नाई, तं दुकानदारानं एक कनेक्टर देल्ला. हार्डडिस्कले जो चपटा साटा वायर लागते ना, त्याच्यात थो बसते अन् दुसऱ्या टोकाले आठ पिन.

भाऊजी अमरावती: आत्ताच्या आत्ता पीसी बंद कर. बोर्डातून पिन काढ. अन् थो कनेक्टर काढून बाजूले ठेव. मंग बोलू.

ताई: काय झालं हो, एवढं काय घाबरवून रायले त्याले

भाऊजी अमरावती: घाबरवत नाई, खरंच सांगून रायलो. काढला का भाऊ?

मी: काढला. चपट्या बाजूचं प्लास्टिक पिवळं पडलं हाय, बोटानं दाबलं तं नरम लागते.

भाऊजी अमरावती: बरं झालं वेळेवर पाह्यलं. आता समजून घे. त्या चपट्या साटा कनेक्टरात १२ व्होल्टच्या तीनच पिना असतात, अन् एका पिनची ताकद दीड अँपिअर. तिन्ही मिळून साडेचार, म्हणजे ५४ वॉट. कार्डाकडचा आठ पिनचा जो कनेक्टर हाय थो १५० वॉटसाठी बनवला हाय. तुया कार्डाले फुल लोडवर १२५ लागतात. त्यातले काही मदरबोर्डाच्या स्लॉटातून भेटतात, स्लॉट जास्तीत जास्त ७५ देते, पण कार्ड सगळंच तिथून घेत नाई, बराचसा भार वायरवर टाकते. म्हणजे हार्डडिस्कसाठी बनवलेल्या त्या बारक्या पिनांवर तू ग्राफिक कार्ड चालवून रायला होता, तेबी लग्नाचं पूर्ण शूटिंग एक्स्पोर्ट कराले. पीसी बंद पडत होता थे चांगलंच झालं, चालत रायला असता तं एखाद्या रात्री थे वायर पेटलं असतं अन् तू तिकडं जेवाले गेला असता.

भाऊजी अमरावती: आता ४५० चं सांगतो, कारण दादाबी तिथंच फसला. स्टिकरवरचे आकडे गुणून पाह्य, व्होल्ट गुणिले अँपिअर म्हणजे वॉट. १८ गुणिले ३.३ म्हणजे साठच्या आत. २० गुणिले ५ म्हणजे १००. १५ गुणिले १२ म्हणजे १८०. झाले किती? ३४०. बाकीचे बारीकसारीक धर, साडेतीनशे. मंग ४५० कुठून आले? फक्त डब्यावर छापले म्हणून. अन् महत्त्वाचं हे का आजच्या पीसीत प्रोसेसर बी १२ वरून चालते, कार्ड बी १२ वरूनच चालते. ३.३ अन् ५ चं कोणी जास्त खातच नाई. म्हणून तुया कामाचे वॉट फक्त १८०. प्रोसेसर कोणता हाय?

मी: आय-५ १०४००

भाऊजी अमरावती: त्याच्यावर ६५ वॉट लिवलं असते, पण एक्स्पोर्टले सगळे कोर लागले का सुरुवातीले थोडा वेळ १३४ पर्यंत जाऊ शकते, मदरबोर्डानं जाऊ देल्लं तं. थो ६५ वरच धरला तरी ६५ अन् १२५ किती होतात? १९०. इथंच १८० च्या वर गेलो, अजून पंखे, हार्डडिस्क, मदरबोर्ड, रॅम मोजलेच नाई.

दादा पुणे: बरोबर आहे भाऊजी, मी नुसता मोठा आकडा बघून बोललो. कंपनी ४५० म्हणते ते चांगला सप्लाय धरून, ज्यात जवळपास सगळी ताकद १२ वर असते. ड्रायव्हरचं विसर रे.

भाचा: मामा, आफ्टरबर्नर टाका ना, कार्डाची सेटिंग बदलायचं सॉफ्टवेअर, त्यात पॉवर लिमिट ७० टक्के करा, कार्ड कमी करंट घेईल. माझा मित्र तसंच चालवतो, गेम पण चालतात.

भाऊजी अमरावती: बेटा तुयी आयडिया खोटी नाई. ७० टक्क्यानं कार्ड ८७ वर येईन. पण प्रोसेसर १३४ ले गेला तं बेरीज २२१, परत १८० च्या वरच. अन् थो साटाचा कनेक्टर परत लावाच लागन, थे मी लावू देणार नाई.

मी: मंग कार्ड वापस करू का? उद्या पाचवा दिवस हाय. संत्र्याचा आंबिया विकला त्यातले पैसे बाबानं देल्ले होते, मले त्यायले तोंड दाखवाचं हाय.

भाऊजी अमरावती: कार्डावर आळ कायले घेतं तपासल्याशिवाय. उद्या दोन गोष्टी कर. एक, कार्ड काढून ठेव, मॉनिटरचा वायर मदरबोर्डाले लाव, तुया प्रोसेसरमंधी ऑनबोर्ड ग्राफिक हाय, अन् थोच एक्स्पोर्ट लाव. हळू होईन पण होऊ दे. त्या टायमाले मल्टिमीटरनं सप्लायच्या मोकळ्या चार पिनच्या मोलेक्स कनेक्टरमंधी पिवळा (१२ व्होल्टचा) अन् काळा वायर मोज. १२ च्या पाच टक्के खालीवर चालते, म्हणजे ११.४ च्या खाली जाऊ नाई. दोन, वरुडले कोणाजवळ चांगल्या सप्लायचा पीसी असन तिथं कार्ड नेऊन एक घंटा लोडवर चालव. आणि सप्लायचं डबडं खोलू नको बापा, पिन काढली तरी आतल्या कपॅसिटरात करंट बसून रायते.

काकाजी: हिरवा वायर काळ्याले जोडून सप्लाय चालू होते का पाह्याचं असते ना? टीव्हीवाला पोट्टा करे तसं.

भाऊजी अमरावती: होते काकाजी, पण त्यानं फक्त सप्लाय जिवंत हाय का मेला एवढंच कळते. खाली बंडी उभी हाय तवा बैल तगडेच दिसतात, पोतं भरल्यावर चढावर पाहा लागते. ह्याचं दुखणं लोडवरचं हाय.

(दुसऱ्या दिवशी)

मी: भाऊजी, दोन्ही झालं. कार्ड काढून एक्स्पोर्ट लावला, पूर्ण झाला, बंद नाई पडला, पण पावणेतीन घंटे लागले. पिवळ्या वायरवर नुसतं डेस्कटॉपवर ११.९ होतं, एक्स्पोर्ट सुरू झाला का ११.५. नुसत्या प्रोसेसरवर. अन् वरुडले डीटीपीवाल्या दोस्ताकडं ६५० चा सप्लाय हाय, तिथं आठ पिनचा असली वायर होता, कार्ड लावलं, घंटाभर फुल लोड, ७४ डिग्रीच्या वर नाई गेलं, एक डाग नाई स्क्रीनवर. विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरमंधी, जिथं पीसीच्या गडबडीची नोंद रायते, माया पीसीत कर्नल पॉवर ४१ लिवलेलं दिसते चार वेळा.

दादा पुणे: ४१ म्हणजे विंडोज फक्त एवढंच सांगतं की मला नीट बंद केलं नव्हतं. कारण सांगत नाही. पण बाकी सगळं जुळलं.

भाऊजी अमरावती: कार्ड ठणठणीत हाय. वापस करू नको. सप्लाय कार्ड नसतानाच ११.५ वर येऊन रायला, कार्डाचा भार पडला का खाली जाते अन् मंग थो स्वतःच बंद पडते. आता नवा घेताना हिशोब असा धर. प्रोसेसर १३४, कार्ड १२५, बाकी सगळं ५० धर, ३१० झाले. त्याच्यावर मोकळीक पाहिजे, कारण आपल्याकडं मे महिन्यात ४५ डिग्री असते अन् तुया स्टुडिओले टिनाचं छत हाय, गरमीत सप्लायची ताकद कमी होते. ५५० चा घे, ८० प्लस ब्राँझ लिवलेला, म्हणजे वीज कमी वाया घालवणारा. पण दुकानात डबा हातात घेऊन पहिले थोच तक्ता वाच, १२ समोर ४० अँपिअर तरी पाहिजे, ४० गुणिले १२ म्हणजे ४८०. अन् सहा अधिक दोन, म्हणजे आठ पिनचा वायर त्याचाच, कंपनीतून आलेला पाहिजे, मधात कोणताच जोडकनेक्टर नको. मॉड्युलर, म्हणजे वायर सुटे निंगणारा, भेटला तं जुन्या सप्लायचे वायर त्यात खोसू नको, तोंड बसते पण आतल्या पिनांचा क्रम वेगळा असते, हार्डडिस्क जाते.

काकाजी: अन् आमच्या कमी व्होल्टेजचं काय? १७० वर येते कधीकधी.

भाऊजी अमरावती: काकाजी तुमचा मुद्दा सोडला नाई मी. मागं लाल बटन असते २३० अन् ११५ चं, तसा सप्लाय १७० वर थकते. ॲक्टिव्ह पीएफसीवाला घेतला, ज्याच्यावर १०० ते २४० लिवलं असते, तं थो १७० वर बी १२ सांभाळते, फक्त लाईनीतून करंट जास्त ओढते. म्हणून बोर्डाची पिन ढिली नको. अन् भाऊ, तुया यूपीएस ६०० व्हीएचा हाय ना? त्याचे साधारण ३६० वॉट होतात. पीसी आतून ३१० घेईन तं बोर्डातून ३६५ ओढन, कारण सप्लायमंधी थोडी वीज वाया जाते, वरून मॉनिटर. लाईन गेली का थो यूपीएस लगेच बसन. बोअर चालू असतील त्या टायमाले एक्स्पोर्ट लावू नको, रात्रीच लाव. मोठा यूपीएस पुढच्या लगनाच्या पैशातून.

ताई: अन् दुकानदाराले थो कनेक्टर दाखव जाऊन. दुसऱ्या कोणाले देऊ नाई त्यानं.

मी: दाखवतो ताई. पिवळा पडलेला ठेवलाच हाय.

(शनिवारी रात्री)

मी: आणला. साडेचार हजार लागले. तक्ता वाचला, १२ ले ४३ अँपिअर. कार्डाले त्याचाच आठ पिनचा वायर लावला. पहिला लगन पूर्ण लावला, एक घंटा पन्नास मिनिटांची फिल्म, पस्तीस मिनिटात एक्स्पोर्ट झाला. मी बाजूलेच बसून होतो मीटर घेऊन, पिवळ्यावर ११.९४ च्या खाली आलंच नाई. वायर हात लावून पाह्यला, थंड. बाबा बी आले होते पाह्याले, पूर्ण होईपर्यंत खुर्चीवर बसून रायले.

काकाजी: शाब्बास रे पोरा

भाचा: मामा जुना सप्लाय मला द्या ना, माझ्या अभ्यासाच्या पीसीत कार्ड नाही, चालून जाईल.

भाऊजी अमरावती: नाई बेटा. नुसत्या प्रोसेसरवर ११.५ ले आला थो, तुया हार्डडिस्कमंधी तुये सगळे प्रोजेक्ट हायेत. भाऊ, थो भंगारात दे, पण देण्याच्या पहिले वायर कापून दे.

मी: कापतो उद्या सकाळी. नवरीचे बाबा नऊ वाजता पेनड्राइव्ह न्याले येऊन रायले, थे झालं का लगेच.